खिडकीतला शॉट

"वहिनी, भरू?"

कासाराने विचारलं आणि हिरवी बांगडी बोटांत धरून तो तसाच थांबला. कॅमेरा चालू होता. हे वाक्य आमच्या पटकथेत नव्हतं.

रत्नप्रभाकाकूंनी हात पुढे केलेला होता, तो त्यांनी मागे घेतला नाही.

"भर रे बाबू," त्या म्हणाल्या. "पोरांचं खोटं खोटं चाललंय."

"खोटं असलं तरी काच खरी हाय की."

"भर म्हटलं न्हवं?"

मग त्याने भरायला सुरुवात केली. चार बोटं एकत्र दाबायची, अंगठा आत वळवायचा, आणि बांगडी हाडावरून हलकेच सरकवायची. काकूंचा हात कष्टाचा होता, सांधे रुंद होते. बांगड्या घट्ट बसत होत्या. दोन्ही हात भरून झाल्यावर त्याने रीतीप्रमाणे डाव्या हातात एक जास्तीची चढवली. काकूंनी पदर सावरला आणि कासाराला वाकून नमस्कार केला.

"कट," मुकुंद म्हणाला. "आई, नमस्कार कुणी सांगितला होता?"

"बांगड्या भरल्यावर करत्यात तो. तुला कुठनं ठाऊक असणार."

"करू दे की," कॅमेऱ्यामागून डिग्या म्हणाला. "भारी आलाय. सायन्स, लिहून घे."

सायन्स म्हणजे मी. मी लिहिलं: डाव्या हातात एक जास्त. नमस्कार.

मुकुंद दिवटे आमच्या गटाचा दिग्दर्शक होता आणि रत्नप्रभाकाकू त्याची आई. त्याचे वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. आम्ही तिघं सांगलीच्या एका कॉलेजात संज्ञापन आणि माध्यमं या विषयाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेजातली ही पहिलीच तुकडी, त्यामुळे हे शिकून पुढे काय होतात ते कुणालाच सांगता येत नसे. माझे वडील मिरजेत रक्त-लघवी तपासायची प्रयोगशाळा चालवत. मी बी.एस्सी.चं पहिलं वर्ष चांगल्या गुणांनी पास होऊन इकडे आले, याचं त्यांना इतकं आश्चर्य वाटलं होतं की ते रागवायचंच विसरले. घरी कुणी विचारलं तर ते म्हणत, "ती ते टीव्हीचं काहीतरी करते."

वर्गात मला फारसं स्थान नव्हतं. मला चटकन बोलता येत नसे, कविता पाठ नव्हत्या, माइक हातात आला की घसा कोरडा पडे. पण मी चुकत नसे. अहवालात एक आकडा चुकला तर माणसाचं औषध चुकतं, हे ऐकतच मी मोठी झाले होते. हे व्हिडिओ शिकवणाऱ्या मुल्लाणी मॅडमनी ओळखलं आणि मला कंटिन्युइटीचं काम दिलं. आधीच्या शॉटमध्ये पदर जसा होता तसाच पुढच्या शॉटमध्ये आहे ना, पेल्यात पाणी तेवढंच आहे ना, हे बघायचं काम. मॅडमचा एक कडक नियम होता: शूटिंगच्या जागी कॅसेट मागे फिरवून बघायची नाही. चुकून आधीच्या शॉटवर दुसरा शॉट टेप झाला, की पहिला गेला. म्हणून जागेवर कंटिन्युइटीवाल्याचा शब्द शेवटचा. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या शब्दाला कुणी शेवटचं म्हणत होतं.

आणखी एक गोष्ट होती. मॅडमच्या ओळखीच्या मुंबईतल्या एका दिग्दर्शिकेला या कामासाठी मुलगी हवी होती. "तुझी ही फिल्म होऊ दे," मॅडम म्हणाल्या होत्या, "मग मी बोलते." हे मी घरी अजून सांगितलं नव्हतं.

फिल्म बारा मिनिटांची होती. इचलकरंजीतल्या एका माग कामगाराचा संसार. नवरा कामासाठी सुरतेला गेलेला. सणाला येणार असं कळवलेलं. बायको बांगड्या भरते, घर आवरते, स्वयंपाक करते, खिडकीत उभी राहते. तो येत नाही. एवढंच. बायकोचं काम सांगलीची एक हौशी नटी करणार होती, पण तिला ऐन वेळी नाटकाचा दौरा मिळाला. कॅमेरा आमच्याकडे तीनच दिवस होता, त्यानंतर तो दुसऱ्या गटाकडे जाणार होता. मुकुंदच्या इचलकरंजीतल्या घरीच शूटिंग ठरलं होतं. जेवताना तो म्हणाला, "आई, तूच कर की."

"मी? माझं तोंड बघितलंस का?"

"रोज बघतोय."

काकू हसल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सगळी वाक्यं पाठ होती.

आम्ही कुणीच कसलाही विचार केला नव्हता. मंगळसूत्र कॉलेजच्या नाट्यविभागातून आलेलं, कुंकवाची डबी मी माझ्या घरून आणलेली. आमच्या लेखी ती सगळी प्रॉपर्टी होती, समई आणि ट्रंकेसारखी. मी कुंकू लावायला पुढे झाले तेव्हा काकूंनी डबी माझ्या हातून घेतली. "मी लावते," त्या म्हणाल्या. आरशाशिवाय, बोटाने, बरोबर मधोमध लावलं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आक्का आल्या. काकूंच्या थोरल्या जाऊ. मधे एक भिंत, भिंतीपलीकडे त्यांचं घर. त्यांनी दारातूनच काकूंचे हात बघितले.

"हे खरंच भरलंस व्हय?"

"शूटिंग हाय, आक्का."

"शूटिंगला प्लास्टिकच्या चालत न्हाईत?"

"वाजत नाहीत त्या," मुकुंद म्हणाला.

"आणि संपल्यावर काढायच्या कशा? बाबूनं हाडाला घट्ट भरल्यात. सरळ निघायच्या न्हाईत त्या." आक्कांनी आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. त्या रागावलेल्या नव्हत्या, खरोखरच विचारत होत्या. "काढायच्या कशा?"

डिग्या म्हणाला, साबण लावून निघतील. मुकुंद म्हणाला, बघू. काकू गॅसवर चहा ठेवत होत्या. मी माझ्या कागदांवर दुसऱ्या दिवशीच्या शॉटची यादी करत होते, पण आक्कांचा प्रश्न मला ऐकू आला होता आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी या घरात जे झालं असेल ते मिरजेतही तसंच होत असे.

ते तीन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुंदर दिवस होते, असं म्हटलं तर माझ्या घरचे हसतील. गल्लीत दोन्ही बाजूंना माग. सकाळपासून त्यांची खटखट चाले, आणि ती भिंतीतून, जमिनीतून पायाला लागे. बोलण्याचे शॉट आम्ही मागांच्या सुट्टीच्या दिवशी घेतले. त्या दिवशी गल्ली इतकी शांत झाली की डिग्या कुजबुजत बोलायला लागला. "मोठ्यानं बोल की," काकू म्हणाल्या, "कोण आजारी हाय का?" दुपारी आम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवायचो. पटकथेतला स्वयंपाक खरा असे. शॉट संपला की तेच जेवण. एकदा पुढचा शॉट बाकी असताना डिग्याने ताटातली भाकरी उचलली. मी ओरडले, आणि त्याने चावलेला तुकडा उलटा करून परत ठेवला. तो तुकडा फिल्ममध्ये आहे. मला अजून ओळखता येतो.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचले. काकू कांड्या भरत बसल्या होत्या, सुताच्या. मागवाले घरोघर हे काम देत आणि त्यावरच त्यांचं घर चाले. बांगड्या कोपराकडे सरकवून त्यांनी वर पदराचं टोक गुंडाळलं होतं, फुटू नयेत म्हणून.

"झोप लागली का, काकू? टोचल्या नाहीत ना?"

"हात हलला की आवाजानं जाग यायची."

"मग त्रासच झाला."

"न्हाई गं," त्या म्हणाल्या. चाक फिरवत राहिल्या. "सहा वर्षं हात मुकाच होता की."

त्या दिवशी दोन शॉटच्या मधे त्या पिशवी घेऊन भाजीला निघाल्या. मी म्हटलं, काकू, कुंकू फिसकटेल, साडीला डाग पडेल. "मग तू चल की सोबत, नजर ठेवायला." मी गेले. कोपऱ्यावर त्यांच्या ओळखीची एक बाई भेटली. तिने आधी कपाळ पाहिलं, मग हात.

"अगं रत्ना! हे काय?"

"शूटिंग हाय," काकू तिचं बोलणं संपायच्या आत म्हणाल्या. "मुकुंदाचं. ह्या पोरीला विचार पाहिजे तर. संपोस्तोवर काढायचं न्हाई म्हणती ही."

"हो," मी म्हटलं. "जुळायला पाहिजे ना."

"असं व्हय," बाई म्हणाली. तिचा चेहरा मोकळा झाला. "छान दिसतीस गं." आणि निघून गेली.

काकूंनी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. येताना त्या आल्या वाटेने परतल्या नाहीत. देवळावरून, शाळेवरून, मोठ्या रस्त्याने वळसा घालून आल्या, आणि वाटेत निदान चौघींना तेच सांगितलं. प्रत्येक वेळी माझ्याकडे बोट दाखवलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खिडकीचा शॉट होता. फिल्म त्याच्यावर उभी होती. ऊन तिरपं होऊन गजांच्या सावल्या काकूंच्या गालावर पडत, आणि ते जेमतेम वीस मिनिटं टिके. आधी लाँग शॉट घेतला: उजवा हात गजावर, डावा पदरात. मी लिहिलं. मग डिग्याने कॅमेरा जवळ आणला. क्लोजअप. उजवा हात गजावर, डावा पदरात. मी पाहिलं आणि लिहिलं.

मुकुंदने सांगितलं होतं, "आई, रस्त्याकडे बघ. तो येणार नाही हे तुला कळलंय."

काकूंनी रस्त्याकडे पाहिलं. मी त्यांच्या हाताकडे बघत होते, तेच माझं काम होतं, पण मग माझी नजर वर गेली. रस्त्यावर कुणी नव्हतं. तरी कुणीतरी कोपऱ्यावरून वळलं असावं, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं, थोडा वेळ थांबलं, आणि मग हळूहळू निघून गेलं. मुकुंदला कट म्हणायचं भान राहिलं नाही. शेवटी डिग्यानेच कॅमेरा बंद केला.

"धूर झालाय का रे इथं?" तो डोळे पुसत म्हणाला.

"आई," मुकुंद म्हणाला. मग तो मोठ्याने म्हणाला, "पॅकअप!" आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. काकूंनीही वाजवल्या. बांगड्या छान वाजल्या.

ते दोघं वायरी गुंडाळायला लागले. नाट्यविभागाचं मंगळसूत्र परत करायचं होतं, म्हणून मी काकूंना शोधत मागे परसात गेले.

काकू धुण्याच्या दगडापाशी बसल्या होत्या. मंगळसूत्र त्यांनी आधीच काढून ओट्यावर ठेवलं होतं. कपाळ पुसलेलं होतं. हाताला साबणाचा फेस होता आणि डाव्या अंगठ्याचं हाड लाल झालं होतं. एकही बांगडी निघाली नव्हती. समोर आक्का उकिडव्या बसल्या होत्या, त्यांच्या हातात वरवंटा होता.

"रविवारी माझ्या शैलाला बघायला पाहुणे येणार हाईत," आक्का म्हणत होत्या. आवाज हळू, जवळजवळ समजुतीचा. "त्यांच्यापुढं काय सांगायचं? आत्ताच होऊन जाऊ दे. डोळे मिट हवं तर. एका मिनिटाचं काम."

"ठाऊक हाय किती मिनिटांचं ते," काकू म्हणाल्या.

"मग?"

"एकदा झालंय की, आक्का."

"म्हणून तर म्हणतीया, सवय हाय तुला."

हे त्या दुष्टपणे बोलल्या नाहीत. मी तिथे होते, मला ऐकू आलं ते. त्यांनाही दुसरं काही सुचत नव्हतं. काकूंनी हात दगडावर ठेवला. स्वतःहून. मनगट आडवं, बांगड्या एका रांगेत आल्या.

"काकू, थांबा," मी म्हटलं. "बांगड्या काढू नका."

दोघींनी वर पाहिलं.

"एक शॉट चुकलाय."

मी हे आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर मला ते एखाद्या नोंदीसारखं पक्कं वाटलं. मी वळून आत गेले आणि तेच मुकुंदला सांगितलं.

"काय?" तो म्हणाला.

"खिडकीत. लाँगमध्ये उजवा हात गजावर आहे. क्लोजमध्ये डावा. दोन्ही शॉट जोडले तर हात उडी मारेल. क्लोज परत घ्यावा लागेल."

"मला उजवाच दिसला," डिग्या म्हणाला.

"तू फोकस बघत होतास. मी हात बघत होते."

"सायन्स, तू?" मुकुंदने हातातली वायर खाली टाकली. "एवढे शॉट झाले, कुठं नाही, आणि नेमका तिथं? घेताना का नाही बोललीस?"

"लक्षात आलं नाही."

"लक्षात आलं नाही!" त्याने खिडकीकडे पाहिलं. गजांच्या सावल्या केव्हाच गेल्या होत्या. "कॅसेट मागं घे रे डिग्या. बघूच."

"नाही," मी म्हटलं. "मॅडमचा नियम आहे."

"आणि बॅटरीतही दम नाही," डिग्या म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बरं केलंस बाई. आता म्हणू नकोस आम्हाला, भाकरी खाल्ली म्हणून."

तेवढ्यात काकू आणि आक्का मागच्या दारातून आत आल्या. आक्कांच्या हातात वरवंटा तसाच होता.

"म्हंजे अजून किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"कॅमेरा परत मिळाला की," मी म्हटलं. "तोपर्यंत याच बांगड्या हव्यात. अशाच. नवीन भरल्या तर जुळणार नाहीत."

"आणि रविवारी पाहुणे?"

"मी सांगते की पाहुण्यांना," काकू म्हणाल्या. "शूटिंग हाय म्हणून. पोरांच्या मार्कांचा प्रश्न हाय, आक्का. आपल्या हट्टापायी त्यांचं वर्ष घालवायचं व्हय?"

आक्कांनी वरवंटा पाट्यावर नेऊन ठेवला आणि म्हणाल्या, "मार्कांचं असलं तर मग काय."

निघताना काकूंनी मला भाकरी-चटणी बांधून दिली. गाठ मारता मारता म्हणाल्या, "तू चुकतीस व्हय गं?"

"कधी कधी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाठ आणखी घट्ट केली.

फिल्म मुकुंदने जोडली. कॉलेजच्या त्या छोट्या खोलीत दोन व्हीसीआर होते, एकावरून दुसऱ्यावर एकेक शॉट उतरवायचा. पहिल्या दिवसापासून त्याने तिथे कुणाला येऊ दिलं नाही. माझ्याशी तो कामापुरतंच बोले. मी मनात शंभर वेळा हिशेब केला होता. तो कॅसेट बघेल, त्याला हात जुळलेले दिसतील, तो म्हणेल, अगं, बरोबर आहे की. मग मी म्हणेन, असं का, माझंच बघण्यात काही चुकलं. तोपर्यंत रविवार होऊन गेलेला असेल. एवढंच मला हवं होतं, एक रविवार.

पण तो काहीच म्हणाला नाही.

तपासणीच्या दिवशी मॅडमनी दिवे घालवले. बांगड्या भरण्याचा शॉट आला, नमस्कार आला, चावलेली भाकरी आली. मग खिडकी. लाँग शॉट, दूरवरून, गजाआडची एक बाई. आणि तिथून थेट रिकामा रस्ता. संपलं.

दिवे लागले. मॅडमनी मुकुंदकडे पाहिलं.

"क्लोजअप कुठे आहे?"

"घेतलाय, मॅडम," मुकुंद म्हणाला. "जुळत नाही. कंटिन्युइटी."

मॅडमनी मान वळवली. "उज्ज्वला?"

"हात बदललाय," मी म्हटलं.

"बारा मिनिटं आम्ही त्या बाईच्या मागे फिरतो, आणि शेवटी तिचा चेहरा नाही. कळतंय का तुला, काय गेलं ते?"

"हो, मॅडम."

"परत का नाही घेतला?"

"कॅमेऱ्याची तारीख मिळाली नाही," मुकुंद म्हणाला. हे मात्र खरं होतं. आधी दुसऱ्या गटांची कामं होती, मग परीक्षा आली.

मला वाटलं, त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तो शॉट न बघताच बाजूला ठेवला. त्याच्या फिल्मचा चेहरा मी काढून घेतला होता आणि आता खरं सांगायचीही सोय नव्हती. कारण खरं सांगितलं की सगळंच सांगावं लागलं असतं, परसातलंसुद्धा. मॅडमनी मुंबईच्या बाईंना दुसऱ्या मुलीचं नाव दिलं. मला बोलावून तसं सांगितलं, चोरून नाही. "मी तिला काय सांगू, तूच सांग," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बरोबर आहे. बाबांना हे सगळं कधीच कळलं नाही, त्यामुळे त्यांना वाईटही वाटलं नाही.

मी मिरजेतच राहिले. एका वैद्यकीय महाविद्यालयासाठी शिकवण्याच्या फिल्म करायचं काम मिळालं, शस्त्रक्रियेच्या. तिथे डावं-उजवं बघणारं माणूस लागतंच. अजून तेच करते आणि मला ते आवडतं. मुकुंद मुंबईला गेला, मालिका जोडायला लागला. डिग्याने कोल्हापुरात लग्नांच्या व्हिडिओचा धंदा टाकला. इचलकरंजीला मी परत गेले नाही. काकूंना तोंड दाखवायची माझी तयारी नव्हती, असं नाही. त्यांच्या हातांकडे बघायची नव्हती.

गेल्या हिवाळ्यात मुल्लाणी मॅडम निवृत्त झाल्या. कॉलेजने कार्यक्रम ठेवला, पहिल्या तुकडीला आग्रहाने बोलावलं. चोवीस वर्षांनी मुकुंद दिसला. केस गेलेले, चष्मा आलेला. चहाचा कप घेऊन तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "काय सायन्स."

बाकी कुणी मला आता त्या नावाने हाक मारत नाही.

"मुकुंद, तो शॉट," मी म्हटलं. इतकी वर्षं ते वाक्य तयार होतं. "खिडकीतला. तू बघितला असतास तर."

"बघितला होता."

मी कप खाली ठेवला.

"दुसऱ्या दिवशीच बघितला," तो म्हणाला. "सकाळी शिपायाकडनं खोली उघडून घेतली. राग आला होता ना तुझा. दोन्ही शॉट शेजारी शेजारी लावून बघितले. उजवा, उजवा. चारदा बघितलं. मला कळेना, ही असं का म्हणाली. ही चुकत नाही, आणि खोटंही बोलत नाही." त्याने चष्मा काढला. "मग आक्काच्या हातातला वरवंटा आठवला. तुझ्या मागोमाग त्या दोघी आत आल्या होत्या ना. बाबा गेले तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. परसात जाऊ दिलं नव्हतं मला, पण आवाज आला होता. आणि मीच तिला म्हटलं होतं, तूच कर की."

"मग तो लावला का नाहीस? जुळत होता. तुझी फिल्म—"

"लावला असता तर शूटिंग संपलं असतं की."

मॅडमचं भाषण सुरू झालं होतं. कुणीतरी आम्हाला गप्प बसायची खूण केली. मुकुंद आवाज उतरवून सांगत राहिला. मे महिन्यात तो घरी गेला तेव्हा काकूंनी विचारलं होतं, शॉट कधी रे? त्याने सांगितलं, बाकी आहे. दिवाळीला गेला तेव्हाही बाकी होता. एखादी बांगडी फुटली की काकू बाबू कासाराला बोलावत आणि म्हणत, तसलीच दे, जुळायला पाहिजे. बाबू गेला, आता त्याची सून भरते. शैलाच्या लग्नात सगळ्या बायकांबरोबर काकूंनीही हात भरून घेतले. त्या वेळी आक्काच पुढे होऊन पाहुण्यांना सांगत होत्या, तिचं शूटिंग चाललंय म्हणून. पुढे पुढे लोक विचारायचेच थांबले.

"तुझं मुंबईचं काम गेलं," मुकुंद म्हणाला. "मला तेव्हाच कळलं होतं. मॅडमना जाऊन सांगावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर..."

"नाही सांगितलंस ते बरं झालं," मी म्हटलं.

त्याने खिशातून फोन काढला. मला वाटलं, तो शॉट दाखवतोय. पण त्याने नंबर लावला, आणि पलीकडून हॅलो आल्यावर म्हणाला, "आई, सायन्स भेटलीय बघ." फोन माझ्या कानाला लावला.

"काय गं," काकू म्हणाल्या. आवाज थकला होता, पण तोच होता. "कुठं होतीस इतकी वर्षं? आणि त्या शॉटचं काय झालं?"

मी फोन दोन्ही हातांत धरला, माइक धरायचे तसा.

"बाकी आहे, काकू."

"असू दे मग," त्या म्हणाल्या. "मला काय घाई न्हाई."